नाकाच्या शेंड्यावरचं इंजिन

साल 1934. तुरीन शहरात, फियाटच्या एका ड्रॉइंग ऑफिसात तुम्ही उभे आहात. दारावर कोणी अडवलं नाही, कारण तुमचा जन्म व्हायला अजून अवकाश आहे. तिरक्या फळ्यांवर मोठाले कागद टाचलेत, खाली रबराचा चुरा पडलाय. एका फळ्यावर 29 वर्षांचा इंजिनियर वाकलेला दिसतो. हा दान्ते जाकोझा. आतापर्यंत विमानांच्या इंजिनांवर काम केलेला. अख्खी मोटार त्याने कधी आखलेली नाही. आणि हुकूम आलाय तो सामान्य इटालियन माणसाला परवडेल अशा मोटारीचा. किंमत 5,000 लिरा!

बोलू नका, नुसतं बघा. गाडी छोटी करायची म्हणून सगळंच छोटं करत जायचं, ही वाट कुणालाही सुचली असती. पण माणूस काही छोटा होत नाही. म्हणून पेन्सिल यंत्राच्या मागे लागते. 569 सीसीचं इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे, अगदी नाकाच्या शेंड्यावर सरकतं. रेडिएटर त्याच्या मागे आणि जरा उंचावर जातो. आता पाण्याला पंपच नको: तापलेलं पाणी आपसूक वर चढेल, निवलेलं खाली उतरेल. पंपाचा खर्च वाचला, पुढचा भाग छान उतरता झाला आणि दोन माणसांना पाय पसरायला जागा मिळाली. 1936 साली गाडी बाजारात येते ती 8,900 लिरांना. 5,000चं गणित काही जमलं नाही. तरी लोक तिला लाडाने ‘टोपोलिनो’, म्हणजे मिकी माउस, म्हणू लागतात.

तुमच्या मनात एक शंका असेल. इंजिन एवढं पुढे आहे, तर ते पुढचीच चाकं का फिरवत नाही? हा विषय इथे काढायचा नाही. काही वर्षांपूर्वी तशी एक नमुना-गाडी शहराजवळच्या चढावर पेटली होती, आणि आत खुद्द मालक, सिनेटर आन्येल्ली, बसले होते. गाडी आखणाऱ्याची नोकरी गेली. पुढच्या चाकांच्या ओढीवर बंदी आली. आगीचा आणि त्या चाकांचा काय संबंध? पण मालकाला कोण विचारणार!

चला, 1957. मधल्या काळात युद्ध होऊन गेलं, आणि 1955 साली जाकोझाने इंजिन मागे टाकून जेमतेम सव्वातीन मीटरच्या ‘600’मध्ये चार माणसं बसवली. आता समोर आहे नवी ‘500’. लांबी तीन मीटरही नाही. मागे दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं 479 सीसीचं इंजिन. दार उघडून बसा. गुडघे आदळत नाहीत. तिची गोलाई नटवी नाही. पत्र्याला बाक दिला की पातळ पत्राही ताठ राहतो. लोखंड वाचतं, वजन घटतं. सुरुवातीला गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण 1959 साली तिला डिझाइनचा ‘कोंपास्सो दोरो’ पुरस्कार मिळतो. आकार सजवणाऱ्यांपेक्षा आकाराचं कारण देणाऱ्याला हा मान मिळाला, हे मला फार योग्य वाटतं.

1964 साली या, कारण खरी गंमत इथे आहे. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला, ताकद पुढच्या चाकांना. ब्रिटिश ‘मिनी’त इंजिन आडवंच होतं, पण गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, दोघांना तेल एकच. जाकोझाने दोघांचा संसार वेगळा केला. फियाटला मात्र अजून धीर होत नाही, म्हणून गाडी निघते ‘ऑटोबियांकी’ या दुसऱ्या नाममुद्रेखाली, ‘प्रिमुला’ म्हणून. फसली तर नाव दुसऱ्याचं जाईल! ती फसत नाही. 1969 साली त्याच मांडणीची ‘128’ खुद्द फियाटच्या नावाने येते आणि पुढच्या वर्षी युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरते.

परतताना मुंबईत कुर्ल्याला थांबा. जाकोझाच्या हाताखाली घडलेली, 1953 साली इटलीत आलेली ‘1100’ इथे प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात बनायची. पुढे ती ‘पद्मिनी’ झाली. मुंबईकर टॅक्सीत बसताना तिला फियाटच म्हणायचा, जाकोझाचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसायचं. 1996 साली तो तुरीनमध्ये वारला, तेव्हा मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्तोरस्ती होत्या. शेवटची टॅक्सी निवृत्त झाली ऑक्टोबर 2023मध्ये.

पद्मिनीचं इंजिन उभं आणि ओढ मागच्या चाकांची होती, म्हणजे तो जुना जाकोझा. नवा बघायचा असेल तर दारातल्या तुमच्या छोट्या गाडीचं बॉनेट उघडा. बहुधा इंजिन आडवं असेल आणि गिअरबॉक्स त्याच्या टोकाला. ही मांडणी प्रिमुलाची आहे.