शेजारी बसलेली दोघं

वाईला आमच्या आजोळी आजोबांचा पाट देवघराच्या भिंतीशी मांडलेला असे. त्यावर दुसरं कुणी बसत नसे. आजी तर ते जेवत असताना बसलेली मी कधी पाहिलीच नाही, ती वाढत असे. म्हणून असेल, जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा 'टोकियो स्टोरी' प्रथम पाहिला तेव्हा गोष्टीच्या आधी माझं लक्ष गेलं ते कोण कुठे बसलंय याकडे. ओनोमिचीच्या घरात शुकिची आणि तोमी, म्हातारा-म्हातारी, टोकियोला मुलांकडे निघायची बांधाबांध करताहेत. दोघांची तोंडं एकाच दिशेला. फुगवायची उशी कुणाकडे आहे यावरून जराशी कुरबुर, आणि ती निघते त्याच्याच सामानात. संसार किती मुरलाय ते तेवढ्यात कळतं.

सिनेमा १९५३ चा. १८९८ च्या दिवाणी कायद्याने जपानी घराला एक कर्ता दिला होता. घरातल्यांनी कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं, त्याची संमती लागे; कर्तेपण सहसा थोरल्या मुलाकडे जाई. युद्ध हरल्यावर १ जानेवारी १९४८ पासून ही व्यवस्था कायद्यातून गेली. माणसांच्या मनातून ती पाच वर्षांत कशी जाणार? थोरला कोइची डॉक्टर. आजी-आजोबा येणार म्हणून त्याच्या मुलाचं टेबल खोलीबाहेर काढतात, आणि पोरगा चिडतो, मी अभ्यास कुठे करू! मान द्यायची इच्छा आहे, घरात जागा नाही. पुढे भावंडं पैसे काढून म्हाताऱ्यांना आतामीच्या स्वस्त हॉटेलात धाडतात. तिथल्या गोंगाटात रात्रभर झोप लागत नाही. सकाळी समुद्राच्या बांधावर दोघं पुन्हा तशीच, शेजारी शेजारी.

त्यांना खरी जागा मिळते ती विधवा सून नोरिकोच्या एका खोलीत. ती शेजारणीकडून साके आणि पेले उसने आणते, सासू-सासरे जेवत असताना पंख्याने वारा घालते. युद्धात गेलेल्या नवऱ्याचा फोटो तिथेच आहे. रक्ताचं नातं नसलेली ही बाई त्यांच्या सर्वांत जवळ बसते. मला हा प्रसंग सगळ्या सिनेमात मोठा वाटतो.

शुकिची झालेले चिशू र्‍यू तेव्हा ४९ वर्षांचे होते, आणि तोमी झालेल्या चिएको हिगाशियामा त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठ्या. पडद्यावर हे शोधूनही सापडत नाही. जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोर त्यांचं वाकून बसणं, एका लयीत मान हलवणं, यातून ती जन्माची जोडी होते.

शेवटी पुन्हा ओनोमिचीच्या घरातली तीच खोली. तिथली शेजारीण खिडकीतून डोकावते, दोन शब्द बोलून जाते. शुकिची हातात पंखा घेऊन बसलेला. बाहेर बोटीचं इंजिन टकटकतंय, आणि त्याच्या शेजारची चटई रिकामी आहे.