घोट्यावरच्या पट्ट्याची कुळकथा

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोच पट्टा घोट्याच्या वर बांधायचा, पायातला वरचा दाब मोजायचा आणि त्याला दंडातल्या वरच्या दाबाने भागायचे. 'एबीआय' नावाची तपासणी ती एवढीच. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असे धरतात. हृदयविकाराच्या रुग्णासाठी मात्र हा आकडा पायापुरता राहत नाही. ते कळायला वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि सुरुवात झाली ती एका घोड्यापासून.

१८३१ साली फ्रान्समधले पशुवैद्य बुले यांनी एका घोड्याची हकीकत नोंदवली. उभा असताना ठणठणीत, थोडे पळवले की मागच्या पायांनी लंगडणार, विसावा मिळाला की पुन्हा ठीक. तो मेल्यावर पाहिले, तर मांडीच्या धमन्या बुजलेल्या होत्या. माणसातही असेच घडते, हे १८५८ साली पॅरिसमध्ये झां मार्तां शार्को यांनी दाखवले. त्यांच्या रुग्णाला पूर्वी गोळी लागली होती आणि त्या जखमेपायी कमरेतून पायाकडे जाणारी मोठी धमनी बंद पडली होती. कारण दोन्हीकडे एकच होते. बसल्या जागी स्नायूला थोडे रक्त पुरते, अरुंद वाटेनेही ते पोचते. चालू लागले की मागणी वाढते, पुरवठा तेवढाच राहतो आणि पोटरीत गोळे येतात. जिना चढताना छातीत दुखते, त्यामागेही हेच गणित असते.

दुखण्याचे कारण कळले, तरी ते मोजणार कसे? १८९६ साली तुरिनमध्ये रिव्हा-रोची यांनी दंडावर फुगवायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडी जमवली. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गचे शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून धमनीचे ठोके ऐकायची रीत दिली. दंडाचा प्रश्न तिथे मिटला. घोट्याजवळच्या धमन्या मात्र बारीक, त्यांचे ठोके स्टेथोस्कोपला नीट पकडता येत नाहीत. तरीही १९५० साली अमेरिकेत ट्रॅव्हिस विन्सर यांनी हातापायांतल्या दाबांची तुलना केली आणि धमनी बुजलेल्या पायात दाब उतरतो हे मांडले. निरोगी माणूस आडवा असताना घोट्यातला वरचा दाब दंडातल्या दाबाइतका किंवा किंचित जास्तच भरतो. तो कमी भरला, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, हे त्यातले मर्म.

उणीव होती ती कानाची, आणि ती भरून निघाली भौतिकशास्त्रातून. आवाजाचा उगम जवळ येताना सूर चढतो आणि दूर जाताना उतरतो, या परिणामामागचे तत्त्व ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली प्रागमध्ये मांडले होते. १८४५ साली उत्रेख्तजवळ धावत्या आगगाडीत तुतारीवादक बसवून त्याची परीक्षाही झाली. १९५०च्या दशकात ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी हेच तत्त्व हृदय आणि रक्तप्रवाह यांच्या तपासणीला लावले. १९६०च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये युजीन स्ट्रँडनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉप्लर यंत्र पायाच्या रुग्णांपर्यंत आणले. १९६९ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात जेम्स याओ यांनी घोट्याचा दाब पद्धतशीर मोजून दाखवला आणि तपासणीला आजचे रूप आले.

ती होते कशी, ते पाहा. रुग्णाला पाच-दहा मिनिटे उताणे निजवतात. मोजे काढतात, पट्टा घोट्याच्या वर गुंडाळतात. घोट्याच्या आतल्या हाडामागे आणि पावलाच्या पाठीवर जेल लावून डॉप्लर यंत्राचा पेनाएवढा प्रोब तिरका टेकवतात. प्रवाह सापडला की यंत्रातून लयीत 'हुश्श, हुश्श' असा आवाज येतो. आवाज बंद होईपर्यंत पट्टा फुगवतात, मग हवा हळूहळू सोडतात. आवाज परतला, त्या क्षणीचा आकडा टिपतात. दंडात १४० आणि घोट्यात ९८ भरले, तर भागाकार ०.७०. पोटरीत कधी गोळा आला नसला, तरी या माणसाच्या पायाची वाट अरुंद झालेली आहे.

पुढचे वळण सर्वांत महत्त्वाचे. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या मायकेल क्रिकी यांच्या गटाने दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पायाच्या मोठ्या धमन्या आजारी असलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे सहापट आढळला. २००८ साली १६ अभ्यासांतल्या ४८,२९४ लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हाही ०.९० किंवा त्याखालचा आकडा असलेल्यांना मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट असतो असे दिसले. चरबीचा थर एकाच धमनीत साचून थांबत नाही. हृदयात असलेला आजार पायातही निघाला, तर तो शरीरभर पसरल्याची ती खूण असते.

रुग्ण मात्र गप्प असतो. २००१ सालच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत पायाच्या धमन्या आजारी असलेल्यांपैकी साधारण नवांत एकालाच चालताना दुखण्याची ठरावीक तक्रार होती. हृदयरोगी मुळात कमी चालतो, त्यामुळे पोटरीवर ताणच येत नाही. दुखले तरी 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' म्हणून सोडून देतो.

तपासणीच्या मर्यादाही आहेत. मधुमेहात धमन्या कधी कधी इतक्या कडक होतात की पट्ट्याने दबतच नाहीत. आकडा १.४० च्या वर जातो आणि मग पायाच्या अंगठ्याचा दाब पाहावा लागतो. सरसकट सर्वांची चाळणी करावी, असेही सिद्ध झालेले नाही. लक्षणे नसलेल्यांबाबत पुरावा अपुरा असल्याचे अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१८ साली म्हटले. हृदयधमन्यांच्या रुग्णांबाबत मात्र युरोपीय हृदयरोग संघटनेने २०१७ साली, धोका ठरवण्यासाठी ही तपासणी विचारात घेता येईल, असे नोंदवले. निदान झाले की कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर यांवरची पकड घट्ट करता येते. रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांचा फेरविचार होतो, पावलांच्या जखमांवर वेळीच लक्ष जाते.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला हृदयविकार असेल, अँजिओप्लास्टी वा बायपास झाली असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: पायाचा दाब मोजायला हवा का? सोबत मधुमेह असेल, किंवा सिगारेट, विडी, तंबाखू, मशेरी यांची सवय असेल, तर हा प्रश्न अजिबात टाळू नका. ती सवय मात्र आजच सोडा, त्यासाठी कुठल्याही आकड्याची वाट पाहायची गरज नाही.