पोलादाचे पाणी : एका चाकूचा इतिहास

पोलादाला पाणी द्यावे लागते, ही गोष्ट आपल्या ज्ञातीतील मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वीच ठाऊक होत असे. भात्याची दोरी ओढता ओढता तो ती शिकत असे. तेजस्वी मनुष्यास ‘पाणीदार’ म्हणताना आपली मायबोली रत्नाइतकेच शस्त्राचेही स्मरण ठेवते. परंतु ज्या हातांनी हे पाणी दिले, त्या हातांचे स्मरण इतिहासाने कितपत ठेवले? या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा चाकूच्या कथेत सापडते. ती कथा ज्ञातिबांधवांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत डॉ. हेलेनस स्कॉट या नावाचे वैद्य होते. त्यांनी येथील पोलादाचे काही नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. या पोलादास इंग्रज ‘वूट्झ’ म्हणत. कानडी ‘उक्कु’ या शब्दाचे ते बिघडलेले रूप असावे, असे सामान्यतः मानतात. जॉर्ज पिअर्सन यांनी त्या नमुन्यांचे परीक्षण करून १७९५ साली सोसायटीपुढे निबंध वाचला. निबंधाच्या मथळ्यातच हे पोलाद ‘मुंबईत तयार होणारे’ म्हटले आहे. वस्तुतः या पोलादाची नामांकित केंद्रे म्हैसूर, सेलम व तेलंगण या भागांत होती. मुंबई हे ते पाठविण्याचे बंदर. ज्ञात्यभिमानाच्या भरात परक्याचे श्रेय आपण घेऊ नये, म्हणून हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

हे पोलाद करण्याची रीत अशी. घडीव लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालावयाचे, सोबत तरवडाचे वाळलेले लाकूड व वर हिरवी पाने ठेवावयाची, मुशीचे तोंड मातीने लिंपून ती कोळशाच्या भट्टीत भात्याच्या वाऱ्यावर कित्येक तास तापवावयाची. लाकडातील कर्ब लोखंडात मुरे आणि मूस फोडल्यावर पोलादाचा लहानसा गोळा हाती येई. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास असे. हेच त्याच्या धारेचे सामर्थ्य आणि हीच त्याची अडचण. ताप थोडा अधिक झाला की घणाखाली ते भुगा होऊन पडे, आणि कमी झाला की तडकून जाई.

बँक्स यांच्या इच्छेवरून या पोलादाचा एक चाकू घडविण्यात आला. घडविणारा जेम्स स्टोडार्ट. तो लंडनमधील चाकू व शस्त्रवैद्याची हत्यारे करणारा कुशल कारागीर होता. चाकूची धार उत्तम उतरली. पुढे याच स्टोडार्टने मायकेल फॅरडे यांच्या सहकार्याने पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० व १८२२ साली प्रसिद्ध झाले. विद्युत्‌शास्त्रातील आपल्या शोधांनी पुढे जगद्विख्यात झालेले हे फॅरडे एका लोहाराचे पुत्र होते, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

असा चाकू घडविणे म्हणजे काय, हे ज्याने ऐरणीजवळ दिवस काढले त्यासच कळेल. लोहारसाळ अंधारी ठेवण्याचा प्रघात आहे, कारण मंद लाल ताप उजेडात डोळ्यांस फसवितो. घाव बेताचे व दोन्ही अंगांस सारखे पडावे लागतात, नाही तर पाणी देताना पाते वाकते. पाणी दिल्यावर कानस पात्यावरून घसरली म्हणजे ते कठीण झाले, पण ते काचेसारखे ठिसूळही झालेले असते. म्हणून ते घासून उजळ करून पुन्हा हलका ताप द्यावयाचा. पात्यावर गवती पिवळा रंग चढला की तेथेच थांबावयाचे. निळा रंग आला म्हणजे चाकूच्या धारेस हवे ते काठिण्य गेले. पुढे मूठ. पात्याची शेपटी मुठीत शिरवून लाखेने घट्ट बसवावयाची. सांध्यावरून नख फिरविले असता ते अडकता कामा नये. यातील एकही गोष्ट केवळ पुस्तकातून साधत नाही.

मग ही विद्या मागे का पडली? कारागिरांचे कसब उणे पडले म्हणून नव्हे. १८५६ साली बेसेमरची रीत निघाली आणि पोलाद स्वस्त व विपुल झाले. १८७८ साली हत्यारांचा व जंगलांचा असे दोन कायदे झाले. एकाने शस्त्रांचे गिऱ्हाईक तोडले, तर दुसऱ्याने कोळशाचे लाकूड दुर्मिळ केले. बाजारात परदेशी चाकू-सुऱ्या आल्या आणि घडविणारे हात नांगराच्या फाळावर व विळ्या-कोयत्यांवर उरले.

तथापि अधिक मोठी हानि निराळीच आहे. या कथेत स्कॉट, बँक्स, पिअर्सन, स्टोडार्ट, फॅरडे ही सारी नावे आली. परंतु ज्याने तो पोलादाचा गोळा मुशीतून काढला, त्याचे नाव कोठेही नाही. त्याच्या हातात विद्या होती. ती लिहून ठेवणारी लेखणी मात्र त्याच्यापाशी नव्हती.

दोनशे वर्षांनंतर या कथेस एक समाधानकारक जोड मिळाली. अमेरिकेतील प्राध्यापक जॉन व्हरहोवेन व आल्फ्रेड पेंड्रे यांनी या जातीची पाती पुन्हा घडवून दाखविली. त्यांवरील जाळीदार नक्षीचे मूळ व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशात आहे, असे त्यांनी १९९८ साली मांडले. हा पेंड्रे घोड्यांना नाल ठोकणारा लोहार होता. त्याचे नाव प्राध्यापकाच्या नावाशेजारी छापले गेले आहे.

ज्ञातिबांधवहो, ऐरण माळ्यावर टाकून आपली मुले कारखान्यांत व कचेऱ्यांत गेली, यात कमीपणा काहीच नाही. पण घरातील वडीलधाऱ्यांस ताप कोणत्या रंगावर थांबवावा हे अद्याप ठाऊक असेल, तर त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे, आणि वर त्यांचे नाव घालावे. अशा टिपणांना पुढील अंकात जागा मिळावी, एवढीच विनंती.