एका घड्याळाची प्रतिकृति

कारागिराची कीर्ति त्याच्या हातून उतरलेल्या अपूर्व वस्तूवर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तशीच वस्तु दुसऱ्या कोणास करतां येते कीं नाहीं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. हातचें कसब मनुष्याबरोबर जातें. विद्या तेवढी मागें राहते. अठराव्या शतकांत इंग्लंडांत एका घड्याळावरून हाच वाद झाला, आणि त्याच्या निकालावर हजारों खलाशांचे प्राण अवलंबून होते.

भर समुद्रांत अक्षांश सूर्यावरून काढतां येत. रेखांश मात्र काढतां येत नसत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून स्वदेशींच्या बंदरांतील वेळ व जहाजावरील वेळ यांत चार मिनिटांचें अंतर पडलें, कीं एका अंशाचा फरक झाला. बंदराची वेळ बिनचूक सांगणारें घड्याळ जवळ असलें म्हणजे झालें! परंतु लाटांचे हेलकावे, थंडी, उष्मा व दमट हवा यांपुढें त्या काळचीं घड्याळें टिकत नसत. १७०७ सालीं सिली बेटांच्या खडकांवर इंग्लंडच्या चार युद्धनौका फुटल्या व हजाराहून अधिक माणसें बुडालीं. पुढें १७१४ सालीं पार्लमेंटनें अर्ध्या अंशापर्यंत रेखांश देणाऱ्या पद्धतीस २०,००० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें.

जॉन हॅरिसन हा १६९३ सालीं जन्मलेला यॉर्कशायरमधील एका सुताराचा मुलगा. तीन अवजड यंत्रें करून पाहिल्यावर १७५९ सालीं त्यानें चौथें घड्याळ पुरें केलें. तें खिशांतील घड्याळाच्या आकाराचें, परंतु १३ सेंटिमीटर व्यासाचें व जवळजवळ दीड किलो वजनाचें होतें. त्याचें बॅलन्सचें चाक सेकंदास पांच ठोके देई. घर्षण कमी व्हावें म्हणून त्यांत हिऱ्याचे बारीक तुकडे बसविले होते. उष्णतेनें गति बदलूं नये म्हणून दोन धातूंची जोडपट्टी होती. चाकास मिळणारा जोर सदैव सारखा राहावा यासाठीं एक लहान स्प्रिंग दर साडेसात सेकंदांनीं आपोआप आवळली जाई.

१७६१ च्या नोव्हेंबरांत हॅरिसनचा मुलगा विल्यम हें घड्याळ घेऊन जमेकास गेला. ८१ दिवसांत तें अवघें पांच सेकंद मागें पडलें. परंतु रेखांश मंडळाचें समाधान झालें नाहीं. १७६४ सालीं बार्बाडोसची दुसरी सफर झाली, तींतही घड्याळ उतरलें. तेव्हां मंडळानें नवा प्रश्न काढला: एकच घड्याळ, एकच कर्ता, उद्यां तो कर्ता न राहिल्यास शेंकडों जहाजांनीं काय करावें? म्हाताऱ्या हॅरिसनला हा अन्याय वाटला, व त्याच्या जागीं कोणालाही तसेंच वाटलें असतें. परंतु प्रश्न अगदींच निराधार नव्हता. १७६५ च्या कायद्यानें ठरलें, कीं रहस्य उघड केल्यावर अर्धें बक्षीस द्यावें, व तशींच घड्याळें झाल्यावर उरलेलें. त्या ऑगस्टमध्यें बहात्तर वर्षांच्या हॅरिसननें परीक्षकांपुढें आपलें घड्याळ सुटें केलें व सहा दिवस त्याचा एकेक भाग समजावून दिला.

त्या परीक्षकांत लार्कम केंडॉल नांवाचा घड्याळजी होता. त्याच्याकडेच हुबेहुब प्रतिकृति करण्याचें काम ४५० पौंडांना सोंपविण्यांत आलें. दोन-अडीच वर्षें खपून त्यानें ती १७६९ सालीं सिद्ध केली, आणि मंडळानें त्यास ५० पौंड अधिक दिले. पण केंडॉल प्रामाणिक होता. अशीं घड्याळें सामान्य जहाजांस परवडतील इतकीं स्वस्त होणार नाहींत, हें त्यानें ओळखलें. पुढें त्यानें कांहीं भाग गाळून दोन साधीं घड्याळें केलीं, पण त्यांना पहिल्याची सर आली नाहीं. कोणता भाग शोभेचा व कोणता प्राणाचा, हें नक्कल करूं लागल्यावरच कळतें.

१७७२ च्या जुलैंत कॅप्टन कुक दुसऱ्या सफरीस निघाला, तेव्हां त्यानें केंडॉलची प्रतिकृति बरोबर घेतली. त्याच सफरींतील जॉन आर्नल्डचीं घड्याळें अपयशी ठरलीं. प्रतिकृति मात्र दक्षिण ध्रुववृत्तापलीकडच्या बर्फांतून उष्ण कटिबंधापर्यंत तीन वर्षें चालली, व तिची दिवसाची चूक आठ सेकंदांवर कधीं गेली नाहीं. आरंभीं साशंक असलेला कुक तिचा भक्त बनून १७७५ सालीं परतला. मूळ घड्याळावर घेतलेल्या संशयाचें उत्तर त्याच्या नकलेनें दिलें होतें! मध्यंतरीं राजा तिसऱ्या जॉर्जनें भीड घातल्यामुळें पार्लमेंटनें हॅरिसनला १७७३ सालीं ८,७५० पौंड दिले. मंडळाचें पूर्ण बक्षीस त्यास कधींच मिळालें नाहीं. मार्च १७७६ मध्यें तो वारला.

पुढें हॅरिसनचीं यंत्रें विस्मृतींत गेलीं. १९२० सालीं रूपर्ट गूल्ड या नौदलाच्या अधिकाऱ्यास तीं ग्रीनिच येथें धूळ व कळंक चढलेल्या स्थितींत आढळलीं. घड्याळें हा त्याचा धंदा नव्हता, केवळ हौस होती. तरी एक पैसाही न घेतां, १९३३ पर्यंत खपून त्यानें तीं पुन्हां चालतीं केलीं. आपल्या काळांत डेरेक प्रॅट या इंग्रज घड्याळजीनें हॅरिसनच्या चौथ्या घड्याळाची नवी प्रतिकृति करावयास घेतली. २००९ सालीं तो वारला, तेव्हां काम अपुरें होतें. दुसऱ्या हातांनीं तें २०१४ सालीं पुरें केलें. मंडळाच्या जुन्या प्रश्नाचें हें दुसरें उत्तर होय. कर्ता गेला, तरी काम अडलें नाहीं.