कुलूप आणि क्षण : अमेरिकी घरातील शस्त्रसाठवणुकीच्या नियमनाचा इतिहास

स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र बाळगणाऱ्या माणसाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. ते शस्त्र मुलांच्या, चोराच्या किंवा अविचाराच्या भरात असलेल्या कोणाच्याही हाती लागू नये, आणि संकटाच्या वेळी मात्र ते क्षणात हाती यावे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दोन अपेक्षांचा मेळ घालण्यासाठी बटणांच्या किंवा बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या पोलादी पेट्या आज सर्रास विकल्या जातात. पेटीची निवड हा वरकरणी ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न वाटतो. तथापि त्यामागे दोन शतकांहून अधिक काळाचा कायदेशीर वाद आहे. या काळात कुलूप ज्या धोक्यासाठी लावायचे तो धोका वारंवार बदलत गेला. ज्या धोक्यासाठी कुलूप नको असे म्हटले गेले तो मात्र बदलला नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बोस्टन, १७८३

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १ मार्च १७८३ रोजी बोस्टन नगरापुरता एक कायदा केला. त्यानुसार दारूने ठासलेली तोफ, उखळी तोफ किंवा बंदूक कोणत्याही राहत्या घरात, तबेल्यात, कोठारात वा दुकानात नेण्यास मनाई करण्यात आली. दंड १० पौंडांचा होता. असे शस्त्र आढळल्यास ते जप्त करण्याचा अधिकार नगराच्या अग्निरक्षकांना देण्यात आला. कायद्याच्या प्रास्ताविकात कारण स्पष्ट सांगितले आहे : घराला आग लागली असता ती विझवण्यास धावून जाणाऱ्यांच्या जिवाला ठासलेल्या शस्त्रांपासून धोका संभवतो.

हा कायदा समजण्यासाठी त्या काळची बंदूक डोळ्यांसमोर आणावी लागते. आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दिल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. नळीत दारू व गोळी ठासण्यास वेळ लागतो. एकदा ठासलेली बंदूक रिकामी करणे त्याहून कटकटीचे, आणि सोपा उपाय म्हणजे ती उडवून टाकणे. त्यातच दारूला दमट हवा सोसत नाही. त्यामुळे बंदूक ठासूनच, कोरड्या जागी ठेवण्याकडे घरमालकाचा स्वाभाविक कल असे. लाकडी घरांच्या आणि वारंवार लागणाऱ्या आगींच्या नगराला नेमका तोच कल धोकादायक वाटला. येथे कुलपाचा प्रश्नच नव्हता. बंदूक घरात ठेवा, पण भरलेली ठेवू नका, एवढाच त्या कायद्याचा आशय होता.

आगीकडून मुलाकडे

एकोणिसाव्या शतकात धातूचे काडतूस आले. रिव्हॉल्वर भरलेल्या स्थितीत महिनोन् महिने राहू लागले आणि काही सेकंदांत रिकामेही करता येऊ लागले. आगीचा धोका मागे पडून मुलांच्या हाताचा धोका पुढे आला. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८८७ मध्ये बाजारात आणलेल्या बिनघोड्याच्या ‘सेफ्टी’ रिव्हॉल्वरच्या मुठीत मागील बाजूस एक खटका होता. मूठ पुरेशा ताकदीने आवळली तरच चाप चालत असे. एका मुलाला रिव्हॉल्वरमुळे इजा झाल्याचे ऐकून डी. बी. वेसन यांनी ही रचना केली, असे परंपरेने सांगितले जाते. ही कथा पूर्णतः खरी नसली तरी मोलाची आहे. कारण कुलूप पेटीला न लावता शस्त्रातच बसवावे, हा विचार तिच्यात प्रथम स्पष्ट दिसतो. मालकालाच ओळखणाऱ्या ‘स्मार्ट’ पिस्तुलाची विसाव्या शतकाच्या अखेरची कल्पना याच विचाराची वंशज होय. न्यू जर्सीने २००२ मध्ये अशा पिस्तुलाची भविष्यात सक्ती करणारा कायदा केला. परिणाम उलटा झाला. एक पिस्तूल बाजारात आले तरी सक्ती लागू होईल, या भीतीने शस्त्रधारकांच्या संघटनांनी ते विक्रीलाच येऊ नये म्हणून जोर लावला आणि अखेर २०१९ मध्ये ती सक्ती मागे घेण्यात आली.

मुलांच्या हाती शस्त्र लागू दिल्याबद्दल प्रौढाला जबाबदार धरणारा पहिला राज्य-कायदा फ्लोरिडाने १९८९ मध्ये केला. पुढे अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. केंद्रीय कायद्याने मात्र २००५ मध्ये एक मजेशीर मध्यममार्ग काढला. परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलासोबत कुलूप किंवा सुरक्षित पेटी देणे बंधनकारक झाले. ग्राहकाने ते वापरणे नव्हे.

तीन सेकंदांचा युक्तिवाद

राजधानी वॉशिंग्टनने १९७६ मध्ये याहून कठोर मार्ग स्वीकारला होता. पिस्तुलांची नवी नोंदणी जवळपास बंद करण्यात आली. शिवाय घरातील प्रत्येक बंदूक रिकामी आणि सुटे भाग करून, अथवा चापाला कुलूप लावून ठेवावी, अशी अट घालण्यात आली. हा कायदा ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १८ मार्च २००८ च्या सुनावणीत नगराचे वकील वॉल्टर डेलिंजर यांनी चापाचे कुलूप स्वतः उघडून पाहिल्याचे व त्यास तीन सेकंद लागल्याचे सांगितले. त्यावर, आधी दिवा लावायचा, मग वाचायचा चष्मा शोधायचा, असा खोचक प्रश्न सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी केला. न्यायालयात हशा पिकला. आपण दिवसाउजेडी उघडले होते, हे डेलिंजर यांनी मान्य केले.

तो हशा इतिहासाच्या अभ्यासकाने गांभीर्याने घ्यावा असा आहे. १७८३ मध्ये कायदा शस्त्राची स्थिती विचारीत होता : भरलेले की रिकामे? २००८ मध्ये न्यायालय वेळ विचारू लागले. तिजोरीच्या व्यवसायाला वेळेचे माप पूर्वीपासून परिचित होते. परंतु तेथे वेळ मोजली जाते ती चोराची. घरगुती तिजोरीसाठी अंडररायटर्स लॅबोरेटरीजची मूळ कसोटी अशी, की एका माणसाने साध्या हत्यारांनी केलेला हल्ला दरवाजाने पाच मिनिटे सोसावा. शीघ्र उघडणाऱ्या पेटीच्या जाहिरातीत मोजली जाते ती मालकाची वेळ. दोन्ही मापे एकाच पेटीत साधणे कठीण असते. उचलून नेता येईल इतकी हलकी पेटी पलंगाजवळ घट्ट बसवलेली नसेल, तर चोराला ती उघडण्याचीही गरज नाही.

२६ जून २००८ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वॉशिंग्टनचा कायदा रद्द केला. अल्पमतात न्यायमूर्ती ब्रायर यांनी बोस्टनच्या कायद्याचा दाखला दिला होता. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती स्कॅलिया यांचे उत्तर असे, की तो कायदा अग्निशमन करणाऱ्यांसाठी होता. घुसखोराचा सामना करण्यासाठी तात्पुरती बंदूक भरणाऱ्यावर तो लागू केला गेला असता, याविषयी शंका आहे. येथे एक विसंगती जाणवते. बोस्टनच्या कायद्यात स्वसंरक्षणाचा अपवाद लिहिलेला नव्हता, तरी तो गृहीत धरला गेला. वॉशिंग्टनच्या कायद्यातही असा अपवाद गृहीत धरावा, ही नगराची विनंती मात्र शब्दांवर बोट ठेवून नाकारण्यात आली. वॉशिंग्टनच्या कायद्यात इतर अपवाद नमूद होते, हे स्कॅलिया यांचे कारण विधिदृष्ट्या दुबळे नाही. परंतु इतिहासाचे वाचन म्हणून ते एका बाजूस उदार आणि दुसऱ्या बाजूस काटेकोर आहे, असे म्हणावे लागते. अपघात टाळण्यासाठी केलेल्या साठवणुकीच्या कायद्यांना या निकालामुळे बाधा येत नाही, असेही त्याच निकालपत्रात म्हटले आहे. पुढील सर्व वाद याच वाक्याच्या आधाराने चालला.

सॅन फ्रान्सिस्कोने २००७ मध्ये, पिस्तूल अंगावर नसेल तेव्हा ते कुलूपबंद पेटीत किंवा चापाच्या कुलपासह ठेवण्याची सक्ती केली. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ती वैध ठरवताना, आधुनिक पेटी झटपट उघडता येते, हे कारण दिले. शीघ्र पेटी हीच येथे कायद्याची घटनात्मक ढाल झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला, तेव्हा असहमत न्यायमूर्ती थॉमस यांनी एकटी राहणारी वृद्धा रंगवली : तिने दिवा लावायचा, चष्मा शोधायचा, किल्ली शोधायची, पेटी उघडायची. सात वर्षांनी तोच चष्मा पुन्हा न्यायालयात आला! २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालानंतर तर शस्त्रविषयक कायद्याला ऐतिहासिक परंपरेचा आधार दाखवणे आवश्यक झाले, आणि त्यामुळे १७८३ चा दारूगोळ्याचा कायदा हा सध्याचा पुरावा ठरला आहे.

पेटीच्या आतील धोका

या युक्तिवादांत रात्रीचा घुसखोर नेहमी उपस्थित असतो. घरातली माणसे क्वचितच असतात. वैद्यकीय संशोधनाने तीच पुढे आणली. २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील अभ्यासात शस्त्र रिकामे ठेवणे, कुलूपबंद ठेवणे, काडतुसे वेगळी ठेवणे आणि तीही कुलपात ठेवणे, या चारही सवयींचा संबंध मुला-तरुणांच्या अपघाती इजा व आत्महत्या कमी असण्याशी आढळला. २०१५ च्या सर्वेक्षणावर आधारलेल्या अंदाजानुसार, सुमारे ४६ लाख मुले अशा घरांत राहत होती जेथे किमान एक बंदूक भरलेली व कुलपाविना होती.

शीघ्र पेटी या चारपैकी एकच सवय पुरती पाळते. तिच्यात पिस्तूल बहुधा भरलेलेच असते. लहान मुलाला ती अडवते. सांकेतिक क्रमांक माहीत असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला ती अडवत नाही, आणि निराशेने ग्रासलेल्या मालकाला तर मुळीच नाही. त्याच्या बाबतीत पेटीचा वेग हा गुण राहत नाही. अशा काळात शस्त्र घराबाहेर, विश्वासू माणसाकडे ठेवावे, असा सल्ला डॉक्टर देतात. तो सल्ला कोणत्याही पेटीच्या जाहिरातीत सापडणार नाही.

वेगाच्या आग्रहाची दुसरी बाजू ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसली. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या सुमारे ६१,००० पेट्या अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सहकार्याने परत मागवण्यात आल्या. मालकाने स्वतःचा ठसा नोंदवलेला नसेल, तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या. बारा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूशी या दोषाचा संबंध जोडला गेला होता. बदली पेटी मिळेपर्यंत ठशाची सोय वापरणे थांबवावे, बॅटऱ्या काढून टाकाव्यात आणि पेटी केवळ किल्लीने वापरावी, अशी सूचना ग्राहकांना देण्यात आली.