शौलाचे जासूद

बायबलच्या संदर्भात राजाज्ञेचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाकडे वळते. सत्ता देवाने नेमलेली असते, म्हणून प्रजेने तिच्या अधीन असावे, असा त्या अध्यायाचा रोख आहे. त्याचा आधार अनेक राजवटींनी घेतला. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या समर्थकांनीही तो घेतला, आणि १९८५ साली तेथील ख्रिस्ती धर्मचिंतकांनी काढलेल्या 'कैरोस' निवेदनाला या वापराची झाडाझडती घ्यावी लागली. विरुद्ध बाजूने मग 'प्रेषितांची कृत्ये' पुढे केली जातात. तेथे पेत्र न्यायसभेची मनाई झुगारतो. वचनाला वचन भिडवण्याची ही रीत आम्हांला अपुरी वाटते. भ्रष्ट राजाचा हुकूम पाळणाऱ्या माणसाचे नेमके काय होते, हे जुन्या करारातील कथांत अधिक बारकाईने आले आहे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय पाहावा. शौल राजा गिबा येथे झाडाखाली बसला आहे, हातात भाला आहे, भोवती सेवक उभे आहेत. दावीद निसटला आहे आणि आपल्याला कोणी काही सांगत नाही, असा राजाचा संशय आहे. तो आपल्या बन्यामिनी भाऊबंदांना विचारतो की, इशायाचा पुत्र तुम्हांला शेते आणि द्राक्षमळे देणार आहे काय? हजारांवर, शंभरांवर नायक नेमणार आहे काय? या प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी चौदा अध्याय मागे जावे लागते. लोकांनी राजा मागितला तेव्हा वृद्ध शमुवेलाने बजावले होते की राजा तुमची शेते व द्राक्षमळे काढून आपल्या सेवकांना देईल, तुमच्या मुलांना नायक नेमील, आपल्या रथापुढे धावायला लावील. ते भाकीत आता राजाच्याच तोंडून उघडे पडते. निष्ठा कशाने विकत घेतली, याचा हिशेब तो भर दरबारात मांडतो.

सेवक गप्प राहतात. बोलतो तो दवेग अदोमी, शौलाच्या गुराख्यांचा मुख्य. नोब येथील याजक अहीमलेख याने दाविदाला शिदोरी आणि गल्याथाची तलवार दिली, हे त्याने पाहिले आहे. अहीमलेखाला बोलावले जाते. आपण निर्दोष आहोत, असे तो शांतपणे सांगतो. ते खरेही आहे, कारण राजाच्या गुप्त कामगिरीवर आहोत अशी थाप दाविदाने त्याला मारली होती. शौल जवळ उभ्या असलेल्या शिपायांना हुकूम देतो: याजकांना मारा. हिब्रूत या शिपायांसाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ 'धावणारे'. आपल्या बखरींतला 'जासूद' त्याला पुष्कळ जवळचा आहे. शमुवेलाने सांगितलेले रथापुढचे धावक ते हेच. आणि नेमके तेच हात उचलत नाहीत.

हा नकार थोर आहे, पण त्याच्या मर्यादेकडे डोळेझाक करू नये. राजा दवेगाकडे वळतो आणि तागाचे एफोद धारण करणारे ८५ पुरुष त्या दिवशी मारले जातात. ग्रीक भाषांतरात हा आकडा ३०५ आहे, योसेफसाने ३८५ दिला आहे. जासूद तेथेच उभे असले पाहिजेत. त्यांनी मारले नाही, पण अडवलेही नाही. रब्बींच्या परंपरेला हे खुपले. ते शिपाई म्हणजे अबनेर आणि अमासा असे ती मानते, आणि त्यांनी राजाला आपला पट्टा व झगा परत देऊ केला, अशी कथा सांगते. दिलेले वस्त्र परत घ्या, आमचे हात मात्र मिळणार नाहीत, असा तिचा आशय. दुसरीकडे तालमूदमध्येच एक मत असेही आहे की अबनेराला पुढे शिक्षा मिळाली ती याचसाठी, की शौलाला विरोध करणे शक्य असून त्याने केला नाही.

दवेग परका होता, अदोमी होता, ही गोष्ट निवेदकाला सोयीची वाटली असावी, असे आम्हांला राहून राहून वाटते. एकटा माणूस ८५ जणांना कापून वर नोब गावही बेचिराख करतो, हे पटण्याजोगे नाही. त्याच्यामागे आणखी हात असणारच. त्यांची नावे मजकुरात नाहीत. नोबच्या संहाराची यादी मात्र आहे: पुरुष, स्त्रिया, मुले, तान्ही बाळे, बैल, गाढवे, मेंढरे. सात अध्याय आधी अमालेक्यांविरुद्ध शौलाला जी आज्ञा मिळाली होती तीत जवळजवळ हीच यादी आहे, फक्त उंट अधिक. ती आज्ञा पुरती न पाळल्याबद्दल शौल राज्याला मुकला. येथे वाचकाने अडखळावे. आज्ञापालनाची एवढी महती गाणाऱ्या पुस्तकातच त्याचे हे विद्रूप प्रतिबिंब पडले आहे, आणि संपादकांनी ते पुसलेले नाही.

द्राक्षमळ्याचा धागा 'राजे' या पुस्तकांत पुन्हा हाती येतो. नाबोथाचा मळा अहाबाला हवा असतो. ईजबेल राजाच्या मुद्रेने इज्रेलच्या वडिलांना पत्रे धाडते: उपवास जाहीर करा, दोन खोटे साक्षीदार उभे करा, धोंडमार करा. येथे कोणी दवेग लागत नाही. सगळे रीतसर पार पडते. पत्रे राजाच्या नावाची होती, पण काम झाल्याचा निरोप वडील ईजबेलीकडे पाठवतात. म्हणजे हुकूम कोणाचा, हे त्यांना ठाऊक होते.

पुढे इ. स. पू. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात येहू बंड करतो आणि अहाबाच्या ७० वंशजांची डोकी मागणारे पत्र शोमरोनातील कारभाऱ्यांना लिहितो. ही मुले त्यांच्याच देखरेखीखाली वाढत होती. डोकी टोपल्यांत घालून इज्रेलला पोचतात. सकाळी वेशीपाशी उभा राहून येहू लोकांना म्हणतो की, धन्याला मी मारले हे खरे, पण यांना कोणी मारले? आपल्या पत्राबद्दल तो चकार शब्द काढत नाही. लगेच पुढच्या मजकुरात अहाबाच्या घराण्याचे उरलेले लोक, त्याचे मोठे सरदार, स्नेही, याजक, सारे येहूच्या तलवारीखाली जातात. टोपल्या भरणारे त्यांत होते की नाही, हे निवेदक सांगत नाही.

दवेगाबद्दलही तो पुढे काही सांगत नाही. नोबहून निसटलेला अब्याथार दाविदापाशी येतो, तेव्हा झाल्या संहाराचा दोष दावीद स्वतःकडे घेतो. दवेग तेथे होता तेव्हाच हा शौलाला सांगणार हे आपण ओळखले होते, अशी कबुली देतो. त्यानंतर दवेगाचे नाव येते ते थेट बावन्नाव्या स्तोत्राच्या मथळ्यात, आणि तेथेही त्याची ओळख चहाडी सांगणारा एवढीच आहे.