गेडिसचा अहवाल आणि इंदूरचे जुने मोहल्ले

इंदूरच्या सांस्कृतिक इतिहासात १९१७ आणि १९१८ ही दोन वर्षे मोठ्या महत्त्वाची आहेत. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या नगरीत भरले. १९१८ च्या मार्च महिन्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन झाले. या दोन्ही घटनांची आठवण आपल्या संस्था आवर्जून काढतात. त्याच सुमारास होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून एक स्कॉटिश विद्वान इंदुरात मुक्कामाला होते, गल्लोगल्ली पायी हिंडत होते आणि १९१८ मध्ये त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला, ही घटना मात्र सहसा कोणाच्या स्मरणात नसते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे समाजशास्त्राचे आणि नगररचनेचे अभ्यासक. आज आपल्या जुन्या वस्त्यांमध्ये घर पाडावे की राखावे, किती मजले चढवावेत, खाली दुकान काढावे की नाही, असे जे प्रश्न घरोघरी उपस्थित होत आहेत, त्यांचा विचार करताना या अहवालाकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल.

प्रथम आपल्या वस्तीची घडण पाहिली पाहिजे. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली. कारभारी, फडणीस, शिलेदार, वैद्य, शास्त्री, भिक्षुक अशी दक्षिणी मंडळी राजवाड्याच्या परिसरात वस्ती करून राहिली. त्या काळच्या वाड्यात राहणे आणि काम करणे यांत भिंत नव्हती. पुढच्या सोप्यात कारभाराची बैठक, मागे माजघर आणि स्वयंपाकघर, एका अंगाला गोठा किंवा पागा, अंगणात आड आणि तुळशीवृंदावन, आणि कडेच्या खोल्यांतून नात्यातली, गावाकडची किंवा आश्रित बिऱ्हाडे. आजच्या परिभाषेत बोलायचे तर निवासी, व्यावसायिक आणि सार्वजनिक असे तिन्ही ‘उपयोग’ एकाच छपराखाली नांदत होते. शहराच्या पूर्वेला ब्रिटिश रेसिडेन्सीचा इलाखा होता. तेथे प्रशस्त आवारात बंगले, वेगळी बाजारपेठ, वेगळी छावणी अशी विभागणी होती. म्हणजे जमिनीचे उपयोगानुसार तुकडे करण्याची कल्पना इंदुरात प्रथम दिसली ती परक्या सत्तेच्या आवारात, आणि तिच्या मुळाशी सोयीइतकाच अंतर राखण्याचा हेतू होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन गोष्टींनी जुन्या वस्तीवर ताण आला. कापड गिरण्यांमुळे मजूर वर्ग मोठ्या संख्येने आला; १९०९ साली माळवा मिल निघाली आणि पाठोपाठ हुकुमचंद मिल उभी राहिली. दुसरीकडे प्लेगने वारंवार गाव रिकामे केले. प्लेगवरचा त्या काळचा सरकारमान्य उपाय मुंबईने दाखवून दिला होता. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती पाडायची, सरळ रुंद रस्ते काढायचे आणि हवा खेळती करायची हे त्याचे सूत्र होते. याच ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या हे खरे, परंतु पाडलेल्या चाळींतील लोकांपैकी अनेकांना त्या वसाहतींत जागा परवडली नाही, हेही तितकेच खरे.

गेडिस यांचा या सूत्रालाच विरोध होता. दाट वस्तीतून सरळ रस्ता काढला की उठवलेली माणसे शेजारच्या मोहल्ल्यात जाऊन तेथली दाटी वाढवतात, रोग हटत नाही, तो फक्त जागा बदलतो, असे त्यांचे म्हणणे होते. आधी बाहेर नव्या वसाहती तयार कराव्या, मगच जुन्या भागाला हात लावावा. जुन्या भागातही घरोघर पाहणी करून, एखादे मोडकळीस आलेले घर काढून, एखादा बोळ थोडा वाळवून, लहानशी मोकळी जागा निर्माण करून, आड आणि झाड राखून सुधारणा करावी. शल्यविशारद जसा निरोगी भागाला इजा न करता नेमका बिघडलेला भाग काढतो, तशी ही पद्धत होती. ती पाडापाडीपेक्षा पुष्कळ स्वस्तही पडते असा त्यांचा दावा होता. अहवालात त्यांनी शहराचा विचार भागाभागाने आणि मोहल्ल्यामोहल्ल्याने केला. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठी बागा, गिरणी कामगारांसाठी बागेसह घरे आणि दुसऱ्या खंडात इंदूरच्या विद्यापीठाची कल्पनाही त्यांनी मांडली. विद्यापीठ प्रत्यक्षात आले १९६४ मध्ये.

त्यांच्या मुक्कामातील दिवाळीची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी वर्णिली आहे. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न नेता, ज्या मार्गावरील लोक आपापली घरे अधिक स्वच्छ आणि दुरुस्त करतील त्या मार्गाने ती जाईल, असे जाहीर करण्यात आले. मोहल्ल्यामोहल्ल्यांत चुरस लागली. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून शुभ्र वस्त्रे नेसलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी राक्षसाचे दहन झाले. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूरने वर्षानुवर्षे पहिला क्रमांक पटकावला. तेव्हा जे श्रेय आपण सर्वांनी घेतले, त्यात या जुन्या मिरवणुकीचे स्मरण असायला हवे होते.

गेडिस इंदुरात हिंडत होते त्याच काळात पाश्चात्त्य जगात एक निराळी पद्धत रूढ होत होती. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराने १८९१ मध्ये शहराचे विभाग पाडून प्रत्येकासाठी बांधकामाचे वेगळे नियम लावले. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी असा कायदा केला. १९२६ मध्ये युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर मान्यतेची मोहोर उठवली आणि स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणारी अनेक बिऱ्हाडांची इमारत ही त्या वस्तीला उपद्रव ठरू शकते, असे मत नोंदवले. पुढे अमेरिकेत याच नियमांच्या आधाराने संपन्न वस्त्यांनी गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना दूर ठेवले. गेडिस वस्तीकडे पाहत तेव्हा त्यांना माणसे, झाडे आणि पाणी दिसत असे; विभागणीच्या नकाशात दिसतात ते रंग: निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा.

स्वतंत्र भारताने नकाशाची पद्धत स्वीकारली. १९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य होऊन राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरचे कायदेही भोपाळहून येऊ लागले. १९६० मध्ये नगर सुधार न्यासाचा कायदा झाला. १९७३ मध्ये नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आला. त्याखाली इंदूरची पहिली विकास योजना १९७५ मध्ये लागू झाली, ती १९९१ पर्यंतचा विचार करणारी होती. बांधकामासाठी १९८४ चे भूमी विकास नियम आले, त्यांची जागा २०१२ च्या नियमांनी घेतली. २०२१ पर्यंतची दुसरी विकास योजना १ जानेवारी २००८ पासून अमलात आली. म्हणजे पहिल्या योजनेची मुदत संपल्यावर दुसरी येण्यास सोळा वर्षे लागली. २०२१ उलटल्यावरही तिसऱ्या योजनेचे काम लांबतच राहिले. या मधल्या काळात शहर मात्र थांबले नाही. १९०१ मध्ये लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १९ लाखांच्या वर गेली होती.

आपल्या वाड्यांवर आणि बंगल्यांवर याचा परिणाम कसा झाला हे समजून घेण्यासाठी आणखी दोन कायदे लक्षात घ्यावे लागतात. १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने भाडेकरूंना संरक्षण दिले. ते आवश्यक होते. परंतु भाडे गोठल्यामुळे वाड्याच्या दुरुस्तीचा खर्चही निघेना, आणि मालक व भाडेकरू दोघेही एकाच गळक्या छपराखाली परस्परांशी अबोला धरून राहू लागले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने तुकोगंजसारख्या भागांतील मोठ्या आवारांच्या मालकांना धास्ती वाटू लागली. केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला. यानंतर प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० मुळे मजल्यावरील सदनिकेच्या मालकीला कायद्याचा भक्कम आधार मिळाला. बंगल्याच्या जागी बहुमजली इमारत उभी राहण्याचा मार्ग अशा रीतीने मोकळा झाला.

आता नियमांचे कार्य पाहू. नक्शा पास करताना भूखंडाचे क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी, चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा (जिला इंदुरात सर्वजण ‘एम. ओ. एस.’ म्हणतात), इमारतीची उंची, चटई क्षेत्र आणि वाहनतळ पाहिले जातात. हे निकष नव्या वसाहतीतील चौकोनी भूखंड डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. जुन्या मोहल्ल्यातील वाड्याचा भूखंड अरुंद आणि खोल असतो. शेजाऱ्याची भिंत सामाईक असते. मोकळी जागा बाहेर नसते, ती चौकाच्या रूपाने आत असते. अशा घराने चारी बाजूंनी जागा सोडली तर घरच उरत नाही. परिणामी प्रामाणिकपणे नियम पाळून वाडा पुन्हा बांधणे जवळजवळ अशक्य होते. मग तीन वाटा उरतात: घर पडेपर्यंत तसेच ठेवणे, शेजारचे दोन-तीन भूखंड घेणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाला ते विकणे, किंवा परवानगीपेक्षा जास्त बांधून नंतर दंड भरून ते नियमित करून घेणे. दंड भरून नियमित होणाऱ्या जादा बांधकामाची मर्यादा २०२१ मध्ये १० टक्क्यांवरून ३० टक्के करण्यात आली. सरकारी फायलींत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातला धडा स्पष्ट दिसतो. जो नियम पाळण्यापेक्षा मोडून दंड भरणे सोयीचे, तो नियम वस्तीचे रक्षण करू शकत नाही.

रस्त्यांच्या बाबतीतही जुनेच सूत्र परत आले. बडा गणपती ते कृष्णपुरा हा रस्ता अलीकडे रुंद करण्यात आला तेव्हा दुतर्फा घरांचे दर्शनी भाग कापले गेले. वाहतुकीची गरज खोटी नव्हती. पण ओटा आणि पडवी गेली की घराचा रस्त्याशी असलेला संबंध संपतो. मग उरलेल्या भागात शटर बसवून दुकान काढणे हेच मालकाला परवडते.

आपल्या कुटुंबांत याविषयी दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, दक्षिण तुकोगंज, रामबाग, लोकमान्य नगर या वस्त्यांचे वळण टिकले पाहिजे; उंच इमारती आणि दुकाने यांना सरसकट बंदी हवी. दुसरा म्हणतो, मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली; दोन वृद्धांनी दहा खोल्यांची झाडलोट कशासाठी करावी? दोन्हींत तथ्य आहे. पहिल्या सुरातील माया मी समजू शकतो, परंतु त्यात एक विसर आहे. आपले पूर्वज या गावात उपरेच होते. त्यांना वाड्यासाठी जागा मिळाल्या त्या राजाश्रयामुळे, आणि ज्या वाड्यांचा आपण अभिमान बाळगतो त्यांत चार-सहा बिऱ्हाडे सहज सामावलेली असत. एका भूखंडावर एकच कुटुंब हे आपल्या परंपरेचे लक्षण कधीच नव्हते. ती बंगल्यांच्या काळातली रीत आहे. तेव्हा परंपरेच्या नावाने नवीन बिऱ्हाडांना दार बंद करणारा नियम मागणे इतिहासाला धरून होणार नाही. युक्लिडच्या मार्गाने गेलेल्या वस्त्यांचे काय झाले ते जगाने पाहिले आहे.

मग राखायचे काय? गेडिस यांचे उत्तर आजही उपयोगी पडेल. माणसांची संख्या वाढू द्यावी, पण आतला चौक, आड, मोठे झाड, गल्लीची सावली आणि ओटा राहावा. जुन्या मोहल्ल्यात बाहेरच्या मोकळ्या जागेऐवजी आतल्या चौकाची अट घालता येईल. शेजारची रांग जेवढी उंच आहे त्याच्याशी मेळ राखून एखादा मजला वाढवण्याची मुभा देता येईल. वंशजांत वाटणी झालेल्या वाड्याला, आवार अखंड ठेवण्याच्या बदल्यात, स्वतंत्र बिऱ्हाडांची परवानगी देता येईल. तळमजल्यावर दवाखाना, शिकवणी किंवा पुस्तकांचे लहान दुकान चालले तर बिघडत नाही. जेथे रात्री कोणी वस्तीला नसते अशी सबंध व्यापारी इमारत उठली की मोहल्ला मरतो.

यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. १९७३ च्या अधिनियमाच्या विसाव्या कलमात विकास योजनेखाली परिक्षेत्रिक योजना, म्हणजे शहराच्या एकेका भागासाठी तपशीलवार योजना, करण्याची तरतूद आहे. विकास योजनेची चर्चा गावभर होते, तिच्यातील जमिनीच्या उपयोग बदलासाठी २३-क या कलमाचा आधार घेतला जातो. विसाव्या कलमाचे नावही सहसा कोणी काढत नाही. मोहल्ल्याचा विचार मोहल्ल्याच्या मापाने करण्याची सोय त्या कलमात आहे.

अशा योजनेच्या प्रारूपावर नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. पण सूचना द्यायची तर हातात माहिती हवी: कोणत्या गल्लीत किती वाडे उभे आहेत, किती आड बुजले, किती घरांत माणसे राहतात आणि किती घरांना कुलूप आहे. गेडिस यांनी ही पाहणी पायी केली होती. आपल्या संस्थांकडे निवृत्त अभियंते, शिक्षक आणि अधिकारी यांची वाण नाही. एकेका मोहल्ल्याची अशी वही आपण वेळेवर तयार केली, तर पुढील योजनेच्या वेळी शासनापुढे ठेवण्यासाठी आपल्याजवळ निव्वळ हळहळीपेक्षा अधिक काही असेल.